कुंदाने तीन अर्ज केले होते

कुंदा भोईर गेली त्याला आता पाच आठवडे होतील. काविळीचं निमित्त झालं. अकरा दिवस हॉस्पिटलात होती, बाराव्या दिवशी सकाळी तिच्या भावाचा ऑफिसात फोन आला आणि तो नेमका मीच उचलला. वय त्रेचाळीस. पुढच्या शनिवारी आमच्या माजिवड्याच्या ऑफिसात शोकसभा झाली. टेबलावर फोटो, फोटोला हार, पहिल्या रांगेत बाळकुमहून आलेली तिची आई. मॅनेजरसाहेब उभे राहिले आणि म्हणाले, "भोईरबाई अतिशय शांत होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही तक्रार केली नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. दोन मिनिटं उभं राहून झाल्यावर चहा आला. मी आईंना हात धरून जिन्यापर्यंत आणलं, तेव्हा त्यांनी मला विचारलं, "यो साहेब कोनाबद्दल बोलत व्हता गो?"

याचं उत्तर मी सभेतच द्यायला हवं होतं. उभं राहून सांगायला हवं होतं की कुंदाने तक्रार केली होती, एकदा नव्हे, तीनदा, लेखी, आणि त्यातला पहिला अर्ज मी स्वतः टाइप केला होता. मी बसून राहिले. म्हणून आता हे लिहिते आहे.

आम्ही दोघी एकाच वर्षी टायपिस्ट म्हणून लागलो. मी डोंबिवलीची, वडील कोकणातून आलेले, घरात शिक्षणाचं काही नवल नव्हतं. कुंदा बाळकुमच्या कोळीवाड्यातली. आई टोपली घेऊन मावरं विकायची, बाप खाडीत होडी घालायचा, आणि त्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली ती पहिली. तिचा वेग माझ्यापेक्षा जास्त होता. मुख्य म्हणजे ती वाचून टाइप करायची. आम्ही अक्षरं बघायचो, ती मजकूर बघायची. एकदा तिने मॅनेजरसाहेबांच्या पत्रातली चूक दाखवली, तर ते म्हणाले, "जे दिलंय ते टाइप करा." तिने केलं. ते पत्र आठ दिवसांनी चुकीसकट परत आलं आणि ती काही न बोलता ते पुन्हा मशीनवर चढवून बसली. गप्प बसणं आणि तक्रार नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आमच्या ऑफिसात कोणाला कधी कळलंच नाही...

मग नव्वद साल उलटल्यावर दोन कॉम्प्युटर आले. काचेची केबिन, त्यात एसी, बाहेर चपला काढायच्या. त्यांच्याबरोबर हेड ऑफिसातून एक साहेब आले. त्यांना सगळे सिस्टिमवाले साहेब म्हणत. त्यांचं नाव मी लिहीत नाही. हे वाचतील तेव्हा त्यांना कळेल. आम्हा चार टायपिस्टना त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की पस्तिशीच्या पुढे हे जमणं कठीणच, पण निदान माउस धरायची सवय होऊ दे. जेवणाच्या सुट्टीत एक गेम खेळा. भातुकली समजा.

ती भातुकली नव्हती. पडद्यावर वरून एक झडप उघडायची आणि बोटाच्या पेराएवढेही नसतील असे चिमुकले जीव एकामागून एक खाली पडायचे आणि सरळ चालू लागायचे. त्यांना अक्कल नाही. समोर भिंत आली तर मागे वळतील, दरी आली तर दरीत, पाणी आलं तर पाण्यात. आपण त्यांना एकेक काम वाटून द्यायचं, तेही मोजकंच, आणि ठरलेले इतके जीव दुसऱ्या टोकाच्या दारातून आत पोचवायचे. बाकीचे मेले तरी चालतील. आम्ही तिघींनी आठवडाभर त्यांना धडाधड मारलं आणि कंटाळलो. कुंदा पहिल्या दिवशी माउसला हातच लावेना. सगळे दरीत पडेपर्यंत बघत बसली.

"अगं, वाचव ना त्यांना," मी म्हटलं.

"पहिला डाव बघायचा," ती म्हणाली. "कोण कुठे पडतो ते कळल्याशिवाय काम कसं वाटणार?"

महिन्याभरात तिने शॉर्टहँडच्या वहीत सगळं लिहून काढलं. कामांना तिने आपली नावं दिली होती. भिंत चढणारा तो चढ्या. उंचावरून अलगद उतरणारा छत्रीवाला. बारा पायऱ्यांचा तिरका जिना बांधणारा गवंडी. खाली खणणारा खणक्या, आडवी भिंत पोखरणारा भिंतफोड्या. पाच आकडे मोजून स्वतः फुटणारा आणि आजूबाजूची जमीन उडवणारा तो फटाका. आणि हात पसरून वाटेत उभा राहणारा अडव्या. त्याला धडकून बाकीचे मागे वळायचे आणि म्हणून दरीत पडायचे नाहीत. प्रत्येक डावाचं एक पान. कुठे गेम थांबवून कामं वाटायची, झडपेतून येणाऱ्यांचा वेग कधी कमी ठेवायचा, जिना बांधून होईपर्यंत सगळा घोळका एका खड्ड्यात कसा कोंडून ठेवायचा, मग त्याच खड्ड्याची भिंत फोडून सगळ्यांना एकदम कसं सोडायचं. गवंडी भिंतीला टेकला की उलट फिरतो, तेव्हा जिना कुठून सुरू करायचा हे पावलं मोजून लिहिलेलं. एके ठिकाणी तिने बारा पावलांऐवजी चुकून अकरा लिहिलं होतं. मी पडद्यावर मोजून दाखवलं तर हसली. म्हणाली, "राहू दे, मला कळतंय ना."

अडव्याचं मात्र तिला पटत नव्हतं. तो एकदा उभा राहिला की हलत नाही. म्हणून सगळे आत गेल्यावर शेवटी त्याला फटाका करून उडवायचं, अशीच रीत होती. सिस्टिमवाल्या साहेबांनी केबिनमध्ये येऊन तसंच सांगितलं. त्याला उडवावंच लागतं, भोईरबाई, गेमच तसा केलाय.

"त्याच्यामुळे बाकीचे जगले ना, साहेब?"

"तेवढा एक हिशेबात धरलेलाच असतो."

तीन-चार दिवस ती जेवणाचा डबा न उघडता तिथे बसत होती. मग एका दुपारी मला ओढत घेऊन गेली. सगळे आत गेले होते, अडव्या हात पसरून उभा होता. तिने रांगेतला एक शेवटचा मागे ठेवला होता. तो अडव्याच्या पायाशी येताक्षणी तिने त्याला खणायला लावलं. अडव्याच्या पायाखालची जमीन सरकली, दोघं खाली पडले, आणि अडव्याने हात खाली घेतले आणि चालू लागला. उंची जास्त असेल तर पडून मरेल, म्हणून त्याला अडव्या करायच्या आधीच छत्री देऊन ठेवायची, हेही तिनेच शोधलं होतं. एकदा दिलेली छत्री जात नाही. दोघं दारातून आत गेले. साहेब मागे कधी येऊन उभे राहिले होते ते आम्हाला कळलं नाही. जाताना म्हणाले, "वही जरा वाचायला देता?"

तिने दिली. का देऊ नये? साहेबांनी पहिल्यांदाच तिच्याकडे काही मागितलं होतं.

अडीच महिन्यांनी हेड ऑफिसातून एक इंग्रजी कॉम्प्युटर मासिक आलं. चार पानांचा लेख, साहेबांचा फोटो, टाय लावलेला. डावामागून डाव, तोच क्रम. खड्ड्यात घोळका कोंडण्याची युक्ती, छत्री आधी देण्याची युक्ती, अडव्याला वाचवण्याची युक्ती 'मी स्वतः अनेक प्रयत्नांनंतर शोधलेली' म्हणून. आणि त्या एका ठिकाणी बाराऐवजी अकरा पावलं. मी ते पान कुंदासमोर धरलं. तिने अकरावर बोट ठेवलं आणि बराच वेळ ते काढलं नाही.

पहिला अर्ज त्याच दिवशी. तिने सांगितला, टाइप मी केला. मॅनेजरसाहेबांनी तो वाचला, आम्हा दोघींना आत बोलावलं आणि विचारलं, "म्हणजे ऑफिसात बसून तुम्ही गेम खेळत होता, हे लिहून देताय?" तिने सांगितलं की गेम साहेबांनीच खेळायला सांगितला होता आणि वही तिची आहे. मॅनेजर माझ्याकडे वळले. "तुम्ही पाहिलीत वही?" मी हो म्हटलं. "मग तसं सही करून द्या." मी म्हटलं, विचार करून सांगते. तो विचार माझा अजून चालू आहे. कुंदाने मला त्याबद्दल कधी एक शब्दानेही विचारलं नाही आणि ते मला आजही सहन होत नाही. अर्जाला उत्तर म्हणून तिला मेमो मिळाला. कार्यालयीन साधनांचा गैरवापर. वही साहेबांकडून परत आली नाही ती नाहीच.

दुसरा अर्ज ऑपरेटरच्या जागेचा. दोन जागा निघाल्या. कुंदा तोवर कॉम्प्युटरवर सगळी पत्रं आणि मालाच्या याद्या काढत होती, सिस्टिमवाले साहेब रजेवर असले की बिघडलेलं तीच सुरू करत होती. जागा मिळाल्या सर्टिफिकेटवाल्या दोघांना, बाहेरून आलेल्या. त्यांना काम शिकवलं कुंदाने. नेमणुकीचा निकष काय, एवढंच तिने लेखी विचारलं. दोन ओळींचा अर्ज. त्याला उत्तरही आलं नाही.

मग ती दुपार. हेड ऑफिसचे चार पाहुणे आले होते आणि साहेब त्यांना दाखवत होते की अगदी टायपिस्ट बायकांनाही आपण कसं तयार केलं. बोलता बोलता मासिकाचा विषय निघाला. एका पाहुण्याने तेच खेळून दाखवा म्हटलं. साहेब बसले. तो गवंड्याचा डाव होता. त्यांचा जिना एका पावलाने कमी पडला आणि घोळकाच्या घोळका पाण्यात गेला. पुन्हा खेळले, पुन्हा पाण्यात. पाहुणे हसले. साहेबांनी काच वाजवून बाहेर हाक मारली, "भोईरबाई, जरा या."

कुंदा चप्पल काढून आत गेली, पडद्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "साहेब, तुमच्या वहीत असेल ना."

एवढंच. आवाज चढवला नाही, अपमान केला नाही. बाहेर आली आणि टायपरायटरवर कागद चढवला. पाहुण्यांना काही कळलं नाही, पण साहेबांना कळलं. महिनाअखेरीला तिची बदली आंबिवलीच्या गोदामात झाली, डिस्पॅचला. बाळकुमहून माजिवड्याला चालत येणारी बाई आता रोज कल्याणच्याही पलीकडे जाऊ लागली. तिसरा अर्ज बदलीविरुद्ध होता. त्यावर शेरा आला, 'प्रशासकीय गरज'. मला ती म्हणाली, "शुभा, आता चौथा नाही करणार. ते वाचत नाहीत, मी कशाला टाइप करू?" यालाच आमचे मॅनेजर तक्रार नसणं म्हणतात.

साहेब आज मोठ्या हुद्द्यावर आहेत. त्यांच्या बढतीच्या पत्रात 'प्रकाशित लेखन' असा उल्लेख होता. ते पत्रही मीच टाइप केलं.

गेल्या आठवड्यात मी आंबिवलीला गेले. तिचं सामान आणायला कोणीतरी जायला हवं होतं आणि ऑफिसातून कोणी जात नव्हतं. पत्र्याच्या शेडमध्ये तिची खोली. एक टेबल, पंखा, आणि पहिल्या दोनांतला एक जुना कॉम्प्युटर. नवे आले तेव्हा तो भंगारात निघाला होता, तिने तो मागून घेतला होता. एसी नाही, चपला काढायच्या नाहीत. जेवणाची सुट्टी झाली होती. खुर्चीवर पॅकिंगमधल्या एक बाई बसल्या होत्या, पन्नाशीच्या, मनगटापर्यंत डिंक लागलेला. मागे आणखी तिघी उभ्या होत्या. त्यांना मराठी वाचता येतं, इंग्रजी नाही. कुंदाने त्यांना आधी हाच गेम शिकवला होता आणि मग मालाच्या याद्या. आता त्या भागातल्या सगळ्या याद्या या चौघी काढतात. त्यांच्या हुद्द्यात अजून 'पॅकर'च लिहिलेलं आहे.

मी कोण, कशाला आले, ते सांगितलं. खुर्चीवरच्या बाई उठल्या नाहीत. नजर पडद्यावरच ठेवून म्हणाल्या, "बसा ताई जरा. दोघं राहिलेत आत जायचे."

मागची एक जण मला हळूच म्हणाली, "भोईरताईंनी सांगून ठेवलंय. मागे कोणी राहिला असेल तर मध्येच उठायचं नाही, कितीही मोठा माणूस आला तरी."

मी बसले. सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी कोणी हललं नाही.