न चाखलेला आंबा

दरेकशाच्या विश्रामगृहावर एक म्हातारा गोंड खानसामा होता. आंब्याच्या फोडींवर गूळ-तुपात चोळलेली कणीक पसरून तो पातेल्याच्या खाली-वर निखारे ठेवी. भाजले की नाही, हे वासावरून ठरवी.

एका मुक्कामात इंग्रज साहेबाला विषाचा संशय आला. "पहले तुम खाओ, नहीं तो नौकरी जाएगा."

खानसाम्याने हात जोडले. "यंदाचा आंबा अजून पुरखाइले, आमच्या वाडवडलाइले, चढवला नाही, साहेब. त्याइच्या आधी मी कसा खाऊ?"

साहेबाचा कारकून म्हणून मीच दोन घास खाल्ले. साहेब पोटभर जेवला आणि सकाळी त्याने खानसाम्याला काढून टाकले.

"घासभर खाल्लं असतं तर, बाबा?" मी विचारले.

"मंग पूजेले कोणत्या तोंडानं बसलो असतो, बाबू?"

वाटेत पडलेल्या पिकल्या आंब्यांना पाय न लागू देता तो आमराईतून चालत गेला.