न सांगितलेलं कारण

युद्धाच्या दिवसांत विंझरला माझी भाताची गिरणी होती. इंजिन सांभाळणाऱ्या गड्याला ऐकू येईनासं झालं होतं. फिरत्या पट्ट्याजवळ बहिरा माणूस, या विचारानं माझ्या जिवाला घोर लागला. त्याला वाईट वाटू नये म्हणून कारण न सांगताच मी त्याला कामावरून काढलं.

दुसऱ्या दिवशी तो आला आणि समोरच्या आंब्याखाली बसला. मग रोजच येऊ लागला. भांडण नाही, तक्रार नाही. माझं कशातच लक्ष लागेना, उगाच आत-बाहेर करत राहायचो. शेवटी भोरला जाऊन एका वकिलांना गाठलं.

ते म्हणाले, "गडी काढायचा तुम्हाला हक्क आहे. पण का काढलं, ते त्याला सांगितलंत का?"

परत आलो तर त्याची बायको गिरणीच्या दारात उभी.

"मालक, लोक म्हनत्यात ह्यांनी इंजिनाचं तेल चोरलं. तुमी तरी खरं सांगा."

असं काही होईल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी तडक आंब्याखाली गेलो. हळू बोलून उपयोग नव्हता. भात घेऊन आलेल्या सगळ्यांदेखत मी ओरडलो, "तू चोरी केली न्हाईस! तुझे कान गेलेत! पट्ट्यात सापडशील म्हणून काढलं तुला!"

त्यानं सगळ्यांकडे एकदा बघितलं.

"मंग आधीच सांगायचं की," म्हणाला आणि बायकोबरोबर घरी गेला. पुढं त्यानं शेरडं पाळली.

नवा गडी चांगल्या कानांचा मिळाला, तरी इंजिन चालू असेपर्यंत पट्ट्याच्या धास्तीनं मला एका जागी बसवत नसे.