लालचंदशेठचा मण

भोकरदनच्या धान्याच्या मोंढ्यामागच्या गल्लीत दिवाळीनंतर एक बातमी फिरली, की लालचंदशेठ शहात्तराव्या वर्षी इंग्रजी शिकून राह्यले. का, तर परदेशात जायचंय. शेजारच्या गोपिकाबाईंनी त्यात भर घातली की कोटसुद्धा शिवायला टाकलाय. बातमी गल्लीच्या त्या टोकाला पोचेपर्यंत शेठ विमानात बसले होते.

खरं एवढंच होतं, की शेठ रोज चार वाजता इंग्रजीच्या रिटायर बाई गिरिजाबाई यांच्या ओसरीवर जाऊन बसत. आणि इंग्रजी म्हणाल तर एकच शब्द. तोही मेलेला.

तो शब्द घरातच होता. शेठच्या वडिलांच्या आडत दुकानातलं एक मणाचं लोखंडी वजन, वर कडी, पोटावर इंग्रजी अक्षरं. शेठ शाळकरी असताना किलो आला आणि वजन तराजूवरून उतरलं. मग ते कधी दाराला टेकलं, कधी लोणच्याच्या बरणीवरच्या फळीवर बसलं. शेठच्या बायकोचा, बसंतीबाईंचा, पायाचा अंगठा त्याच्यावर इतक्यांदा आपटला, की त्या म्हणत, "सासूनं जेवढं छळलं न्हाई तेवढं या धोंड्यानं छळलं."

आता मुलगा पारस जुनं दुकान पाडून बियाण्याचं काचेचं दुकान काढत होता. सगळं लोखंड भंगारात आणि तिथून जालन्याच्या भट्टीत, हे ठरलेलं. म्हणजे येत्या शुक्रवारी मण सळई व्हायला जाणार होता. शेठला ते नको होतं, पण मुलाला कारण काय सांगणार? तेवढ्यात नात रुचि हिनं वजनावरची अक्षरं वाचली, "मॉन्ड." शेठला वाटलं, या शब्दात काहीतरी वजनदार निघालं तर पारस ऐकेल. म्हणून गिरिजाबाईंची ओसरी.

बाईंनी उशीएवढा जाडा कोश मांडीवर घेतला. "शेठ, हा शब्द आता इंग्रज बी वापरत न्हाईत."

"न्हाई वापरत तर न्हाई. कुळ सांगा."

"या एका नावाचे तीन शब्द हायेत. एक आपल्याच मणावरून गेलेला. आणि आपला मण आला अरबांकडून."

"म्हंजे आमच्यासारखाच. आम्ही मारवाडातून, हा अरबस्तानातून. पुढं?"

"दुसरा त्यांचा घरचा, लई जुना. अर्थ टोपली, वेताची. त्याचा आपल्या मणाशी संबंध न्हाई."

"टोपली!" शेठ सरसावून बसले. त्यांचे आजोबा टोपलीत हळद-जिरं घेऊन टेंभुर्णीपर्यंत पायी फिरत. "आणि?"

बाई जरा घुटमळल्या. "तिसरा चोर-भिकाऱ्यांच्या बोलीतला. भीक मागणं. तो कुठून आला ते कोशवाल्यालाच पक्कं ठाऊक न्हाई."

"भिकाऱ्याचं गाव कोण विचारतंय, बाई! एका गावात तीन लालचंद असतात ना, तसंच हे. नाव एक, घरं तीन."

शेठ खुशीत घरी आले आणि जेवताना पारसला तिन्ही घरं सांगितली. पारसनं भाकरी मोडता मोडता सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "छान हाय, बापूजी. शुक्रवारी भंगारवाला येतोय."

बसंतीबाई हसल्या. "घ्या! तिसरा अर्थ करून पाहा आता."

शेठनं तोही करून पाहिला. दोन दिवस मुलाच्या मागं मागं फिरून मागितलं. पारसचं एकच, "काचेच्या दुकानात हा धोंडा कुठं ठेवू?"

शुक्रवारी सुग्रीव भंगारवाला गाडी घेऊन आला. शनिवारी लोखंड घ्यायचं नसतं, म्हणून त्याची घाई. इलेक्ट्रिक काटा अंगणात मांडला, जुन्या शटरची पट्टी उचलली, तोच शेठ बाह्या सरसावत बाहेर आले.

"थांब रे. या घरचा माल हाय, मोजणी मी करणार."

पारसला बरं वाटलं. म्हातारा वळणावर आला एकदाचा! "करा, बापूजी. बिलकुल करा."

"मंग आधी तो मण ठेव काट्यावर."

सुग्रीवनं कण्हत ठेवला. काट्यावर सदतीसच्या आसपास आकडा लुकलुकला. शेठनं छाती भरून घेतली आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा, मोंढ्यातला जुना आवाज काढला, "लाऽऽभ!"

पारसचा चेहरा उतरला. आडतीत मोजताना पहिल्या मापाला कोणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात. आणि या घराची आजोबांपासूनची रीत अशी, की लाभाचं माप विकायचं नाही, घरात ठेवायचं. पारस स्वतः दर हंगामात बियाण्याची पहिली थैली गल्ल्यामागं ठेवून देतो, गिऱ्हाईक कितीही अडलं तरी.

"बापूजी, ती रीत धान्याची हाय. हे भंगार हाय!"

"मोजलं का न्हाई? मंग झालं."

सुग्रीवनं मण खाली उतरवून शटरची पट्टी काट्यावर ठेवली आणि गुपचूप म्हणाला, "दोन."

पारसनं आईकडं पाहिलं. आईनं आधी अंगठ्याकडं पाहिलं, मग मान हलवली. "ठेव बाबा आत. लाभ म्हटल्यावर काय बोलणार?"

पारसनं दोन्ही हातांनी मण उचलला, चार पावलं गेला आणि दारात टेकवून धापा टाकत म्हणाला, "पण बापूजी, ज्याचा काही उपयोगच राह्यला न्हाई ते घरात ठेवायचं कशाला?"

लालचंदशेठ काट्यावरून नजर न काढता म्हणाले, "दुकानात तर आता मी बी बसत न्हाई. द्यायचं असलं तर मला बी दे भंगारात. फक्त मोजताना सुरुवात माझ्यापासून कर."