बाईंचा तिसरा स्कॅन

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं विचारलं तर मला आठवावं लागत नाही. नामपूरच्या शाळेत मला गणित शिकवणाऱ्या बाईंचे. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. वडील कांदा मार्केटमध्ये हमाली करायचे आणि दहावीनंतर मलाही तिथेच लावायचं त्यांच्या मनात होतं. बाई एका सकाळी ऐन लिलावात मार्केटात आल्या, ट्रॅक्टरांमधून वाट काढत वडिलांपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दादा, हा पोरगा सायन्सला जाणार. तुम्ही फक्त नाही म्हणू नका."

वडिलांनी पाठीवरची गोणी उतरवली. "आमले काय समजस त्यामा, बाई? तुम्ही सांगशात तसं."

तेवढ्यावर माझं आयुष्य बदललं. मी संख्याशास्त्र शिकलो आणि आता नाशिकला एका इस्पितळात काम करतो. तिथे वय वाढतं तसा मेंदू कसा बदलतो याचा अभ्यास चालू आहे. साठी ओलांडलेली माणसं दरवर्षी येतात, एमआरआयच्या बोगद्यात पडून मेंदूचा स्कॅन काढून घेतात. एकाच माणसाचे लागोपाठच्या वर्षांचे स्कॅन शेजारी ठेवले की कुठला भाग किती आकसला ते मोजता येतं. ते आकडे माझ्याकडे येतात.

पण सगळी माणसं दरवर्षी येत नाहीत. कुणी एकदा येतं आणि नंतर फिरकत नाही, कुणी मधलंच वर्ष चुकवतं. तक्त्यात त्यांच्या जागा कोऱ्या राहतात. त्या कोऱ्या जागांचं काय करायचं, हेच माझं मुख्य काम.

सोपे रस्ते दोन आहेत आणि दोन्ही चुकीचे. एक, ज्यांचे स्कॅन अपुरे आहेत त्यांना वगळून टाकायचं. हे म्हणजे परीक्षेला न बसलेल्या मुलांना सोडून शाळेचा निकाल लावण्यासारखं. शाळा उगाच हुशार दिसते. दुसरा, गेल्या वर्षीचाच आकडा यंदाच्या जागी उतरवायचा, म्हणजे मधल्या वर्षात त्या माणसाला काही झालंच नाही असं धरून चालायचं. आम्ही तिसरा रस्ता धरतो. त्या माणसाचं वय, आधीचे स्कॅन, आजार आणि त्याच्यासारख्या इतर माणसांचे आकडे पाहून प्रोग्रॅम अंदाज करतो. एकदा नाही, पुन्हा पुन्हा, आणि दर वेळी थोडा वेगळा. आपल्याला खात्री नाही, ही गोष्ट त्यामुळे हिशेबात शिल्लक राहते.

बाई निवृत्तीनंतर नाशिकरोडला राहायला आल्या तेव्हा मीच त्यांना या अभ्यासात आणलं. "तुझी नोकरी टिकत असेल तर घे बाबा माझं डोकं," असं म्हणून त्या हसत हसत आल्या. दोन वर्षं आल्या. तिसऱ्या वर्षी आल्या नाहीत.

तक्त्यात नावं नसतात, नुसते क्रमांक असतात. पण त्यांची नोंदणी मी केली होती, त्यामुळे क्रमांक डोक्यात बसलेला. एका दुपारी प्रोग्रॅम कोऱ्या जागा भरत होता आणि त्यांच्या ओळीवर माझी नजर थांबली. पहिल्या आणि दुसऱ्या स्कॅनच्या मधल्या काळात, आठवणींशी संबंध असलेला भाग त्यांच्या वयाच्या मानाने जरा जास्तच आकसला होता. तिसऱ्या जागी अंदाज येत होते. एक बरा, पुढचा वाईट, त्याच्या पुढचा फारच वाईट. प्रोग्रॅमला बाई माहीत नव्हत्या. मला माहीत होत्या.

मी तसाच उठून आमच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. हा अभ्यास त्या चालवतात. "मॅडम, या माझ्या बाई आहेत," मी म्हणालो. मी ती ओळ त्यांना दाखवली.

मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे केला. "त्यांची ओळ यापुढे तू उघडायची नाहीस, मी बघेन. एका आकड्यावरून निदान होत नाही, हे तुलाही ठाऊक आहे. आणि खरा प्रश्न वेगळाच आहे. त्या आल्या का नाहीत?"

मॅडमचं बरोबर होतं. माणूस गावाला गेला म्हणून आला नाही, तर आमचा अंदाज चालतो. पण मेंदू बिघडत चाललाय म्हणूनच तो आला नसेल, तर अंदाज फसतो. आलेल्यांवरून न आलेल्यांचं सांगायचं, आणि न आलेले मुळात वेगळेच. मॅडमनी मला सगळ्या गैरहजर लोकांना फोन करून कारण विचारायला लावलं.

एक आजोबा म्हणाले, "त्या भोकात परत? अहो, आत नुसते ढोल बडवतात. आमच्या गल्लीतला गणपती बरा!" पंचवटीतल्या एक काकू कुजबुजत्या आवाजात म्हणाल्या, "आमचे हे आयसीयूत आहेत. तुम्ही मंगळसूत्र काढायला लावता. अशा वेळी गळा मोकळा करू होय मी?" मी असं कधी मनातही आणलं नव्हतं. स्कॅनआधी अंगावरचं सगळं धातूचं उतरवायचं हा नियम, आणि आम्ही तो चष्मा काढा म्हणावं तसा सांगत होतो.

त्यानंतर एका घरी सुनेने फोन घेतला. "बाबा आता कुठेच येत नाहीत," ती म्हणाली. "आम्ही कोण, तेच त्यांना कळत नाही." मी नोंद केली आणि बराच वेळ पुढचा नंबर लावलाच नाही. पुढचा नंबर बाईंचा होता.

फोन करण्याची हिंमत झाली नाही, म्हणून सुट्टीच्या दिवशी नाशिकरोडला गेलो. दार बाईंनीच उघडलं. "अरे, ये ये! वाळलास की रे. मेस बदल," म्हणाल्या, आणि माझा जीव भांड्यात पडला.

आत कॉटवर काका, बाईंचे यजमान, पडलेले होते. त्यांची हृदयाची शस्त्रक्रिया झालेली मला माहीत नव्हती. मला पाहून म्हणाले, "हिचं डोकं तपासायला आलास? यंत्र कशाला लागतं? चाळीस वर्षं मी तेच करतोय, मला विचार!"

"तुम्ही गप पडा. टाके दुखतील," बाई म्हणाल्या.

मी धीर करून स्कॅनचं विचारलं. बाईंचा हात गळ्याकडे गेला. "तुझी ती स्कॅनवाली पोरगी गळ्यातलं काढा म्हणते. हे असे पडलेले असताना? गणित शिकवलं म्हणून काय झालं? हे उठून फिरायला लागू देत, मग बघू." म्हणजे पंचवटीच्या काकूंचंच कारण. मला रडू येईल इतकं बरं वाटलं. कारण काकांच्या आजाराचं होतं, बाईंच्या डोक्याचं नव्हतं.

मग चहा देताना बाई काकांना म्हणाल्या, "हा बारावीला वसतिगृहातून पळाला होता, आठवतं? मी बसस्टँडवरून धरून आणला याला."

मी कधीच पळालो नव्हतो. पळाला तो दुसराच मुलगा, माझ्या एक वर्ष मागे होता. मी काकांकडे पाहिलं. ते छताकडे पाहत होते. आयुष्यभरात इतकी मुलं शिकवली, एखाद्याची गोष्ट दुसऱ्याला चिकटणारच, असं मी मनाला समजावलं. पण चहा अर्धाच ठेवून मी निघालो.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना सगळं सांगितलं. तिसऱ्या स्कॅनची मुदत संपत आली होती. मॅडम म्हणाल्या, "दोऱ्यात हळकुंड बांधून या म्हणावं. मंगळसूत्र तुटलं की बायका तेच करतात ना? त्यात धातू नसतो. हे आपल्याला पहिल्याच वर्षी सुचायला हवं होतं." ज्यांनी हे कारण दिलं होतं त्या सगळ्यांना त्याच दिवशी तसं कळवलं. बाईंना मात्र मी पत्र लिहिलं. फोनवर त्यांनी "बरं बरं" म्हणून विषय बदलला असता आणि मीही बदलू दिला असता.

"बाई,

काकांना कालच्यापेक्षा आज बरं वाटत असेल अशी आशा आहे.

स्कॅनला येताना सुती दोऱ्यात हळकुंड बांधून या. गळा मोकळा राहणार नाही आणि यंत्रालाही चालतं. आमच्या डॉक्टर मॅडमनी स्वतः सांगितलंय. काकांजवळ तेवढा वेळ मी बसेन.

तुम्ही नाही आलात तरी आमचा अभ्यास अडणार नाही. तुमच्या जागी प्रोग्रॅम अंदाज करेल. पण तुमचा अंदाज केलेला मला बघवत नाही.

आणखी एक लिहायचं आहे. लिहिताना भीती वाटते. वसतिगृहातून पळालेला मुलगा मी नव्हतो. तुम्ही सांगत होतात तेव्हा मी बोललो नाही. कदाचित त्यात काहीच नसेल. पण हे स्कॅनच्या दिवशी मॅडमना तुम्ही स्वतः सांगावं असं मला वाटतं. काही असलंच, तर लवकर कळलेलं बरं. अभ्यासासाठी हे म्हणत नाही.

माझ्या वडिलांना तुम्ही म्हणाला होतात, फक्त नाही म्हणू नका. मी तुम्हाला तसं म्हणू शकत नाही, तेवढा मोठा मी नाही. तुम्ही कळवाल त्या दिवशी सकाळी रिक्षा घेऊन खाली उभा राहीन, तुम्हाला बसवून वर काकांजवळ जाईन. तुम्ही नाही उतरलात तर वर येऊन चहा घेईन आणि काही विचारणार नाही."