सरकार घर बघायला आलं तेव्हा

आता काय सांगू तुम्हाला, हातात आलेलं नवं घर मी चुन्याच्या कुंचल्यानं घालवलं!

आमचं घर बेळ्ळंदूरच्या तळ्याच्या उतारावर, नाल्याला लागून. पाऊस आला की तळं चपला न काढताच आत! मागच्या वेळी रिकामा सिलिंडर तरंगत देवघरापर्यंत गेला, देवाला प्रदक्षिणा घालून आला.

मग सरकारनं ठरवलं, असली घरं विकत घ्यायची आणि माणसांना देवनहळ्ळीकडे वरच्या मजल्यावर कोरडं घर द्यायचं. माझा मुलगा वसंता म्हणाला, "आई, उद्या साहेब येणार. पुराची खूण दिसली की आपण सुटलो!"

आता सांगा, साहेब यायचे आणि भिंतीवर कमरेएवढा चिखलाचा पट्टा? वसंता कामावर गेला तसा मी चुना कालवला.

सून ओरडली, "आत्याबाई, तो पट्टा राहू द्या!"

"गप गं! सरकार काय रोज येतं?"

भिंती पांढऱ्याशुभ्र केल्या. फरशी घासली, तुंबलेली मोरी मोकळी केली, उदबत्ती लावली.

साहेब आले. "अक्का, पाणी कुठवर येतं?"

"इथवर!" म्हणून मी भिंतीला हात लावला. हात पांढरा!

"खूण कुठंय?"

"काल होती हो!"

साहेब हसले. "थांबा, दाखवतेच!" म्हणत घागर उचलली आणि घरात उपडी केली. मेलं पाणी गुपचूप मोरीतून बाहेर!

"सरी, बरं अक्का! निचरा फारच छान!" साहेब कॉफी पिऊन, घराचं कौतुक करून गेले.

शेजारच्या लक्ष्मम्मानं केरसुद्धा काढला नव्हता. तिला घर मिळालं! जाताना तांदळाचं पोतं माझ्याकडेच ठेवलं. म्हणाली, "टेम्पो येईतो स्वल्प राहू दे. तुमचं घर कोरडं, सरकारच म्हणतंय!"

वसंतानं हातापाया पडून पुन्हा पाहणी मागितली. तेवढ्यात पाऊसही धावून आला, भिंतीवर नवा पट्टा उठला. सगळे खूश!

साहेब यायच्या दिवशी वसंता म्हणाला, "आई, तू कोरमंगलाला ताईकडे जा. आणि कुंचला बरोबर घेऊन जा!"

गेले की! मुकाट्यानं गेले. निघताना फक्त दारासमोरचा तेवढा पट्टा ओल्या फडक्यानं पुसला.

पाहुण्याची पहिली नजर तिथंच पडते ना हो!