सातवा फर्मा

वाचनालयाच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत बाइंडरकाकांनी आयुष्याची अडतीस वर्षं काढली. पुस्तकं किती शिवली म्हणाल, तर त्याला गणतीच नाही. आणि वाचली किती? एकही नाही. अहो, खरंच सांगतो, एकही नाही! कुणी छेडलंच तर म्हणायचे, "पुस्तकाची पाठ मी बघतो, पोट तुम्ही बघा." लोक हसायचे, काकाही हसायचे.

घरात मात्र उलटा कारभार. त्यांची थोरली बहीण, ताई, वाचण्यात अशी बुडालेली असायची की दुधाचं पातेलं करपून कोळसा झालं तरी वास यायचा तो शेजाऱ्यांना. दोन खोल्यांचं घर, त्यात ही दोघं. ताईने लग्न केलं नाही आणि काकांचं जमलं नाही. ताई एकोणीस वर्षांची असताना आईला भ्रम झाला. भिंतीवर मुंग्या दिसायच्या, ताटातला घास ओळखू यायचा नाही, पोटची मुलगी परकी वाटायची. ताईने कॉलेज सोडलं, दहा वर्षांच्या धाकट्या भावाला मोठं केलं आणि अकरा वर्षं आईचं सगळं केलं. या बाईने आयुष्यात कशाची म्हणून भीती धरली नाही. धरली ती एकाच गोष्टीची: आपलंही आईसारखं होईल.

भावाला वाचनालयात चिकटवलं तेही तिनेच. "पुस्तकांत राहशील, चार अक्षरं पोटात जातील," म्हणाली होती. पोटात काय गेलं, तर खळीचा वास!

सत्तरी उलटली आणि ताईचे डोळे दगा देऊ लागले. मधलं दिसेना, कडेचं तेवढं दिसायचं. डॉक्टर म्हणाले, हे हळूहळू जाणार, थांबवता येत नाही. ताईने भिंग आणलं, दिवा आणला, खिडकीशी खुर्ची ओढली. एका पानाला अर्धा तास लागू लागला. मग एक दिवस तिने पुस्तकं उचलून कपाटात ठेवली आणि कपाटाकडे पाठ करून बसली. काका म्हणाले, "काही नाही गं, होईल ठीक." काकांचं हे एक ठरलेलं औषध. घर पडलं तरी म्हणतील, काही नाही, होईल ठीक.

त्याच सुमारास वाचनालयाने पुस्तकं टॅबवर द्यायला सुरुवात केली. काकांनी एक टॅब घरी आणला, तोही नाक मुरडतच. ताईने दोन बोटांनी अक्षर ताणलं. ते लिंबाएवढं झालं. एका ओळीत जेमतेम तीन शब्द मावत होते, पण ते तीनही तिने घडाघडा वाचले आणि चक्क रडली.

त्यानंतर घरात रोज वाद. काका म्हणायचे, "ताई, याला काय पुस्तक म्हणायचं? हातात धरलं की किती वाचलं, किती उरलं, अंगठ्याला कळायला हवं."

"तू अंगठ्यानेच वाचतोस, माहितीये मला."

"आणि चार्जिंग संपलं की?"

"की जेवायला वाढीन तुला. तेवढाच वेळ मिळतो मला." आणि मग जरा मऊ होऊन म्हणायची, "धाकट्या, तुझं ते छापील पुस्तक फार देखणं असतं रे. पण देखण्या ताटात मला उपाशी बसवतं. हे भांडं कसंही असो, पोट भरतं."

काका टॅब चार्जिंगला लावायला उठले. आणि मनातून सुखावले, हेही सांगायला हवं. बहीण पुन्हा वाचतेय, आणखी काय हवं होतं त्यांना!

पण वाचनालयात आता फर्मान निघालं. भिंतींना ओल आली होती, जागा अर्धी सोडायची होती. जुनी पुस्तकं स्कॅन करायची आणि मग लगद्याला पाठवायची. स्कॅनरमध्ये सुटे कागद भराभर जातात, म्हणून आधी प्रत्येक पुस्तकाची पाठ कापायची. कोण कापणार? ज्याने शिवली तोच! काकांनी शिवलेले दोरे काकांनीच कटिंग मशीनखाली धरले. पहिल्या दिवशी पहिलं पुस्तक दोनदा उचलून परत ठेवलं. पण माणूस सरकारी असो की खाजगी, हुकूम तो हुकूम.

कापण्याआधी दोन कामं असायची. पानांचे आकडे सलग आहेत का ते बघून चिठ्ठीवर 'पाने पूर्ण' लिहून सही करायची. आणि वाचकांनी पेन्सिलीने केलेल्या खुणा खोडरबरने पुसायच्या, कारण स्कॅनरवाल्या बाईंना पान स्वच्छ लागायचं. काका आकडे बघत, रबर फिरवत, सही करत. अक्षराकडे ढुंकूनही बघायचं कारण नव्हतं.

एकदा ताई म्हणाली, "धाकट्या, तुमच्याकडे ती कादंबरी असेल बघ. तारखात्यातल्या मुलीची. कॉलेज सोडलं त्या आठवड्यात वाचली होती मी. ती मुलगी नोकरीसाठी घर सोडून निघते आणि बाप तिला परत न्यायला स्टेशनवर येतो. तिथे ती बापाला जे काही बोलते ना… ते शब्द मला आठवत नाहीत. पन्नास वर्षं झाली, आठवायचा प्रयत्न करतेय. डोळे आहेत तोवर एकदा वाचायचंय."

काकांनी कादंबरी शोधली. दुर्मिळ पुस्तकांच्या बंद कपाटात होती, त्यांच्याच हातची बांधणी. रांग मोडून त्यांनी ती पुढे घेतली, आकडे पाहिले, एका पानाच्या समासातलं पेन्सिलीचं लांबलचक लिखाण पुसलं, सही केली, पाठ कापली आणि तिसऱ्या दिवशी ताईच्या टॅबवर हजर केली. ताईने त्यांच्या गालावरून हात फिरवला. वय वर्षं बासष्ट, पण लाजले!

चार दिवस ताई खाणंपिणं विसरून वाचत होती. पाचव्या दिवशी काका घरी आले तर टॅब पालथा घालून ठेवलेला, वर घडी केलेला टॉवेल. ताई भिंतीकडे बघत बसली होती.

"संपली एवढ्यात?"

"नाही. आता वाचवत नाही."

दोन दिवस हेच. तिसऱ्या दिवशी तिने काकांचा हात धरला. "धाकट्या, कुणाला सांगू नकोस. ती मुलगी स्टेशनवर पोचते. 'तिने मागे वळून पाहिले आणि'… इथे पान संपतं. पुढच्या पानावर मला दिसतं, 'वॉशर झिजला असल्यास प्रथम पाणी बंद करावे.' मी डोळे धुतले. परत बघितलं. तेच. पुढे पाना, पट्टा, तेल, कायकाय दिसतं. आईला मुंग्या दिसायच्या, मला हे दिसतं."

अहो, त्या क्षणी या माणसाने फक्त टॉवेल बाजूला करायचा होता! हातच्या काकणाला आरसा कशाला? पण नाही. काका म्हणाले, "काही नाही गं, डोळे थकलेत तुझे. थोडे दिवस वाचू नकोस, होईल ठीक." वर डॉक्टरकडे नेऊन तिच्यादेखत सांगितलं, "हिला नसलेलं दिसायला लागलंय." डॉक्टरांनी आईच्या आजाराची चौकशी केली, मान हलवली आणि गोळ्या लिहून दिल्या. ताईने चिठ्ठी घडी करून पदरात बांधली.

गोळ्यांनी ती दिवसभर पेंगायला लागली. डोळेही झपाट्याने गेले. महिन्याभरात लिंबाएवढी अक्षरंसुद्धा तिला डाग दिसू लागली. शेवटी त्यांच्या मनात आलं, आपणच वाचून दाखवू. जमेल तसं, अडखळत. ताई निजलेली असताना आधी तयारी करावी म्हणून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एक पुस्तक वाचायला घेतलं, तेही काचेवर. बोट ठेवून, ओठ हलवत, सुट्टीचे दोन दिवस वाचत राहिले. शहाण्णवाव्या पानाच्या तळाशी आले. 'तिने मागे वळून पाहिले आणि'. बोटाने पान सरकवलं.

'वॉशर झिजला असल्यास प्रथम पाणी बंद करावे.'

काकांना आधी वाटलं, आपल्यालाही लागण झाली. मग नजर आपोआप गेली ती बाइंडरची नजर जिथे जाते तिथे, पानाच्या तळाच्या कोपऱ्यात. तिथे बारीक '७' होता.

हे जरा समजून घ्या. पुस्तक छापतात ते मोठ्या कागदावर. तो दुमडला की सोळा पानं होतात, त्याला फर्मा म्हणतात. बाइंडरला क्रम कळावा म्हणून प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाखाली आकडा असतो. चांगले छापखाने आकड्याशेजारी पुस्तकाचं नावही घालतात. हा छापखाना कंजूष होता, नुसता आकडा. तेवीस वर्षांपूर्वी त्याच छापखान्याची दोन पुस्तकं एकाच दिवशी काकांच्या टेबलावर उसवून पडली होती: ही कादंबरी आणि पाण्याच्या पंपांच्या देखभालीचं एक पुस्तक. आकार एक, टाइप एक. सातवा फर्मा म्हणजे पान सत्त्याण्णव ते एकशे बारा, इथेही आणि तिथेही. कागद थोडा वेगळा होता, पण काकांनी आकडे जुळवले आणि शिवले. आकडे अगदी सलग होते. एक ओळ, फक्त एक ओळ वाचली असती तरी कळलं असतं.

आणि मग आठवली ती पेन्सिल. समासातली. कुणीतरी वाचकाने नक्कीच लिहून ठेवलं असणार की इथे दुसऱ्या पुस्तकाची पानं आहेत, चुकलंय, बदला. काकांनी ते रबराने छान, स्वच्छ पुसलं होतं.

दुसऱ्या दिवशी उघडायच्या आधीच काका वाचनालयाच्या दारात. कादंबरीची सोळा पानं पंपाच्या पुस्तकात शिवलेली असणार, ते तरी मिळेल! ग्रंथपाल बाईंनी यादी काढली. त्या म्हणाल्या, "काका, पंपाचं पुस्तक कालबाह्य म्हणून स्कॅनच केलं नाही. थेट लगद्याला गेलं, पहिल्याच गाडीत." दुसऱ्या वाचनालयांना विचारलं, जुन्या पुस्तकांच्या दुकानांत विचारलं. कादंबरीची प्रत कुणाकडेच नव्हती. बाई हळहळल्या. "सत्त्याण्णवाव्या पानाआधी एक सूचना टाकू आपण, 'मूळ प्रतीत दोष' अशी." दोष! काकांना वाटलं, सूचनेखाली आपलं नाव तरी घाला.

त्यांनी घरी येऊन ताईला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. आपण कधीच वाचलं नाही हे, फर्म्याचं, पेन्सिलीचं, सगळं. रडत सांगितलं. "ताई, तुला काही झालेलं नाही. तू बरोब्बर वाचलंस. अक्षर न् अक्षर बरोबर. चूक माझी आहे."

ताईने शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "किती वेळ लागला रे हे जुळवायला?"

"जुळवलं नाही गं! शपथ घेतो. थांब, वाचून दाखवतो." काकांनी टॅब उघडून वाचलं, वॉशर, पाना, पट्टा.

"हे तर मीच तुला सांगितलं होतं," ताई म्हणाली. "मीच सांगितलेलं मला ऐकवतोस होय?"

काकांनी तिचं बोट धरून काचेवर ठेवलं. काच गुळगुळीत. हेच ते कापलेलं पुस्तक असतं तर! पण तेही लगद्याला गेलं होतं. त्या सोळा पानांचा कागद जाड होता, खरबरीत होता. आंधळ्याच्या बोटालाही कळलं असतं की ही पानं इथली नव्हेत. उसवून हातात दिली असती. काचेवर चूक आणि बरोबर दोन्ही सारखीच पांढरी. ताईने बोट हळूच सोडवून घेतलं.

रविवारी काका स्कॅनरवाल्या बाईंना घेऊन आले. त्यांनी बिचाऱ्यांनी जीव तोडून सांगितलं, "आजी, खरंच तिथे पंपाचीच पानं आहेत, मी स्वतः बघितली." ताईने त्यांना चहा पाजला, मुलांची चौकशी केली, दारापर्यंत सोडायला गेली. परत येऊन म्हणाली, "चांगल्या आहेत हो बाई. पण त्यांना कशाला भरीला घातलंस? आईलाही आपण असंच सांगायचो ना, हो हो, मुंग्याच आहेत म्हणून. तिला बरं वाटायचं. मला नाही वाटत."

काका तिच्या पायाशी बसले. पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिले. जितकं सांगावं तितकं ते खोटं वाटू लागलं, त्यांचं त्यांनाच.

आता ताई टॅब मागत नाही, पुस्तकाचं नाव काढत नाही. गोळ्या वेळेवर घेते. तिचं बोलणं सरळ आहे, हिशोबी आहे, स्मरण तर काकांपेक्षा चांगलं. फक्त ती आता कशाचीच खात्री धरत नाही. काल जेवताना तिने घास तोंडापाशी नेला आणि थांबली.

"धाकट्या, हा भातच आहे ना?"

"भातच आहे, ताई."

तिने घास बोटांनी चाचपला. मग खाली ठेवला.

"तू हो म्हणणारच रे," म्हणाली.