दत्ताअण्णांनी भरलेलं काडतूस

दत्ताअण्णांच्या हाती कुठलीही लहान बंद वस्तू आली की ते आधी ती कानाशी नेऊन हलवायचे. काड्यापेटी, औषधाची बाटली, जिऱ्याची पुडी, काहीही. राजाजीनगरला त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहायला गेले, त्याच दिवशी त्यांनी मला खाली चहाला बोलावलं. पुण्याहून आणलेला बाकरवडीचा पुडा मी पुढे केला. त्यांनी तो कानाशी धरला, हलवला आणि म्हणाले, "प्रवासात स्वल्प चुरा झालाय, अम्मा. असू दे, चालेल."

हसावं की नाही ते मला कळेना. शेजारी त्यांचे धाकटे भाऊ वसंतअण्णा एक पाय लांब करून बसले होते. ते म्हणाले, "काडतुसं भरायचा तो. सवय जात नाही अजून."

अण्णांचं घराणं कित्येक पिढ्या म्हैसूर मुलखातलं. घरात मराठी, पण तीत कानडी इतकी मुरलेली की पहिले काही दिवस मी नुसती मान हलवायचे. शिकारबंदीच्या आधी, तरुणपणी, अण्णा एका कॉफीच्या मळ्यावर कारकून होते आणि वसंतअण्णा तिथेच देखरेखीला. मळ्याच्या मालकाकडे परदेशी रायफल होती, अर्धस्वयंचलित. म्हणजे एक बार झाला की त्याच्याच जोरावर पुढचं काडतूस आपोआप नळीत चढायचं. विकतची काडतुसं मिळायला महिनोन् महिने लागत. म्हणून वापरलेली पितळी काडतुसं गोळा करून ती पुन्हा भरायचं काम मालकाने अण्णांना दिलं होतं.

त्याबद्दल बोलायला लागले की अण्णांचा आवाज मऊ व्हायचा. "दर बाराला हाताने खिट्टी मागे ओढायची बंदूक समजूतदार असते. कमीजास्त झालं तरी निभावून नेते. ही तशी नाही. दारू हलकी पडली तर खिट्टी पुरती मागे जात नाही, पुढचं काडतूस अडकतं. जड झाली तर स्वतःचंच अंग मोडून घेते. हिचं पोट ओळखायला लागतं." मग निवड कशी करायची ते सांगायचे. तोंडाला बारीक चीर गेलेलं पितळ टाकून द्यायचं, दुसऱ्या बंदुकीतून सुटलेलं वेगळं ठेवायचं, रानडुकरासाठी वजनदार गोळी घ्यायची. हलकी चरबीतच थांबते.

"तुमचा नेम कसा होता?" मी एकदा विचारलं.

"माझा? मी कधी बार काढलाच नाही. मला आवाज सोसत नाही."

मला वाटलं, गंमत करतायत. पण दिवाळीत गल्लीत फटाके सुरू झाले की ते खरोखरच कानात कापूस घालून आतल्या खोलीत जाऊन बसायचे. या माणसाने इतक्या जिवाभावाने जे भरलं, त्याचं पुढे काय होतं ते बघायची त्याला इच्छाच नव्हती. हे मला तेव्हाही उमगलं नाही.

वसंतअण्णांच्या पायाची गोष्ट अण्णांनीच मला सांगितली. गच्चीवर आम्ही पापड वाळत घालत होतो. मळ्यात डुकरांनी धुमाकूळ घातला होता आणि मालकाची रायफल घेऊन वसंत गेला होता. पहिली गोळी डुकराच्या खांद्याला ओझरती लागली. दुसरं काडतूस अडकलं. डुक्कर अंगावर आलं आणि त्याने मांडी फाडली. "पाऊसकाळ होता. दारूला ओल लागली असणार. मी नीट बघितलं नाही," अण्णा म्हणाले.

काही महिन्यांनी आम्ही चामराजपेटहून मसाले घेऊन रिक्षाने परत येत होतो. मध्येच ते म्हणाले, "दुसऱ्या बंदुकीचं पितळ होतं ते. मी निवडताना चुकलो." मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही दमट दारू म्हणाला होतात." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी विसरतेय. "हो, तेही."

तिसऱ्यांदा त्यांनी सांगितलं ते दवाखान्याच्या बाकावर, छातीच्या तपासणीसाठी नंबर यायची वाट बघताना. "आदल्या आठवड्यात मालकाने गाभण डुकरीण मारली होती. मला ते सहन झालं नाही. मी मुद्दाम हलकं भरलं. जनावर पळून जाईल असं वाटलं. वसंत जाणार हे मला माहीत नव्हतं."

तिन्ही वेळा आवाज तोच, शांत. खरं कुठलं, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "तू इंजिनीअर ना? तू सांग." त्या संध्याकाळी मी वसंतअण्णांना गाठलं. ते म्हणाले, "मला फक्त डुक्कर दिसत होतं." आणि विषय संपवला.

पुढे ऑफिसच्या सोयीसाठी मी सर्जापूर रोडला राहायला गेले. भेटी कमी झाल्या. दत्ताअण्णा गेल्याचा फोन वसंतअण्णांनीच केला. तेराव्यानंतर मी राजाजीनगरला गेले, तेव्हा ते एकटेच होते. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग मी न विचारताच ते म्हणाले,

"ते काडतूस अण्णाचं नव्हतंच. मालकाच्या एका पाहुण्याने मला विकतची दिली होती, चकचकीत. नेमबाजीच्या सरावाची, हलकी. अण्णाची पितळं काळवंडलेली असायची. मी त्याची खिशात ठेवली आणि ही रायफलीत घातली. पोरबुद्धी."

मी थक्क होऊन विचारलं, "मग त्यांना कधी सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की, त्याच वर्षी. त्याने सगळं ऐकून घेतलं, 'सरी', बरं, एवढंच म्हणाला आणि उठून गेला. रोज सकाळी तेल कोमट करून माझी मांडी चोळायचा तो. तुला माहीत नसेल, तू उठायच्या आधी व्हायचं ते. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. नुसता दारात उभा राहायचा, वाट चुकल्यासारखा. जेवण सुटलं त्याचं. मग मीच म्हटलं, 'अण्णा, मी खोटं बोललो. तुझंच होतं ते.' तेव्हा कुठे तेलाची वाटी घेऊन आला."

हे खरं असेल, की गेलेल्या भावाच्या डोक्यावरचं ओझं उतरवायला आता रचलेलं? मला ठरवता येईना. आजही येत नाही. विचारायचं तरी कसं, म्हणून मी एवढंच म्हटलं, "आता पाय कसा आहे?"

"काल माझं मीच तेल लावून बघितलं," वसंतअण्णा म्हणाले. "मागच्या बाजूला हात पोचत नाही."